काविळीची माळ आणि यकृताचं काम

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत कावीळ अजूनही ‘उतरवली’ जाते. एक प्रकार माळेचा. वनस्पतीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारत गुंफायचे आणि ती छोटी माळ रुग्णाच्या गळ्यात घालायची. माळ दिवसागणिक लांबत जाते. ती छातीवर आली, पोटापर्यंत आली की कावीळही तेवढी उतरली असं समजायचं. दुसरा प्रकार चुन्याच्या निवळीचा. उतरवणारा रुग्णाचे हात निवळीने चोळून धुतो आणि परातीत पिवळंजर्द पाणी पडतं.

दोन्हींचं रहस्य साधं आहे. माळेतल्या काड्या ओल्या असतात. सुकल्या की त्या आकसतात, गाठी सैल होतात आणि दोरा मोकळा पडतो. खुंटीला टांगली तरी ती माळ लांबेल. चुन्याचा प्रकार तर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करून दाखवत आले आहेत. हाताला आधीच आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, त्यावर निवळी पडली की पिवळा रंग येतो.

इथे हसून विषय सोडून देता येत नाही, कारण माळ घातलेली बहुतेक माणसं खरोखर बरी होतात. आपल्याकडची बरीचशी कावीळ हिपॅटायटीस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते, आणि ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. काम यकृताने केलेलं असतं, श्रेय माळेला मिळतं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ‘लिव्हर टॉनिक’लाही ते असंच मिळतं, आणि उसाच्या रसालाही. यकृताचे दोन स्वभाव आहेत. ते स्वतःचं स्वतः सावरतं, आणि बिघडत असलं तरी फार काळ कळू देत नाही. त्याच्याबद्दलचे आपले बहुतेक घोटाळे या दोन स्वभावांतूनच झाले आहेत.

यकृत उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो. मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून जातं, आणि हे रक्त येतं कुठून हे पाहण्यासारखं आहे. इतर अवयवांना हृदयाकडून ताजं रक्त मिळतं. यकृताला तसं रक्त पाव हिस्साच मिळतं. उरलेलं पाऊण हिस्सा रक्त जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं. म्हणजे आतड्यातून रक्तात शिरलेलं जवळपास सगळं काही, मग ती साखर असो, औषध असो की दारू, अंगभर फिरण्याआधी यकृतात थांबतं. पूर्वी शहरात येणारा प्रत्येक ट्रक जकात नाक्यावर थांबायचा, तसंच. छातीत दुखू लागलं की जी गोळी जिभेखाली ठेवतात ती गिळायची का नसते, याचं उत्तर इथेच आहे. गिळली तर नाक्यावरच तिचा मोठा भाग निकामी होतो. जिभेखालून ती थेट रक्तात जाते.

यकृत पाचशे कामं करतं असं एक वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ती कुणी मोजली कोण जाणे. चार कळली तरी पुरे. पहिलं साखरेचं. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवून दिलं की यकृत साखर साठवतं आणि गरजेप्रमाणे रक्तात सोडतं. हा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, सुमारे १०० ग्रॅम. रात्री आठला जेवून सकाळी आठपर्यंत काही न खाता मेंदू चालू राहतो तो मुख्यतः याच्या जोरावर. दुसरं काम प्रथिनं बनवण्याचं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं अल्ब्युमिन आणि जखम झाल्यावर रक्त गोठवणारे बहुतेक घटक इथेच तयार होतात. तिसरं अमोनियाचं. प्रथिनं वापरली जाताना अमोनिया तयार होतो, तो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतात. ही साखळी हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडली. चौथं काम पित्ताचं. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं, चरबी पचवतं आणि जाताना शरीरातला काही कचराही घेऊन जातं.

त्या कचऱ्यातच कावीळ आहे. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य बनतं, आणि यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडतं. ही वाट कुठेही अडली की ते रक्तात साचतं आणि डोळे पिवळे दिसू लागतात. अडथळा तीन ठिकाणी असू शकतो. पेशीच भरमसाट मोडत असतील, यकृत आजारी असेल, किंवा पित्ताच्या नळीत खडा वा गाठ अडकलेली असेल. तिसऱ्या प्रकारात शौच पांढरट होतं, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात ताप आणि कावीळ एकत्र आली तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजारही असू शकतो, आणि त्याला वेळेवर अँटिबायोटिक लागतं. माळेचं खरं नुकसान हे. ज्यांना तसंही बरं व्हायचं होतं ते बरे होतात. ज्याच्या नळीत गाठ आहे किंवा ज्याला लेप्टो झालाय, त्याचे मोलाचे दिवस माळेची लांबी मोजण्यात जातात.

पथ्याचंही तसंच. काविळीत हळद बंद, तेल बंद, पिवळं काही खायचं नाही, असं घरोघरी सांगतात. हळदीचा पिवळा रंग आणि बिलिरुबिनचा पिवळा रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मळमळ असते म्हणून तेलकट नकोसं होतं, तेवढ्यापुरतं ते टाळावं. भूक लागेल तसं साधं, पुरेसं जेवावं. उसाच्या रसाने यकृताचं काही बिघडत नाही, पण गाड्यावरच्या रसात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे विचारायला हवं, कारण ज्या विषाणूने कावीळ झाली तोच त्या बर्फात असू शकतो.

काविळीच्या या विषाणूंपैकी एक ओळखण्यात पुण्याचा हात आहे, आणि ती हकिगत मराठी वाचकांना फारशी माहीत नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेला पूर आल्यानंतर नदीचं पात्र सरकलं, नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आलं. धोका लक्षात आल्यावर पाण्यात जास्त क्लोरीन घातलं गेलं. त्याने जीवाणू मेले, टायफॉइड वाढला नाही, पण विषाणू निसटला. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती ‘ए’चीच धरली. पुढे ए आणि बी ओळखण्याच्या चाचण्या आल्या. त्या साथीच्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खुर्शीद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांबरोबर ते तपासले, तेव्हा कळलं की हा ए नाही आणि बीही नाही. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. तीन वर्षांनी मॉस्कोत मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतला गाळलेला अर्क स्वतः प्यायला, आजारी पडले, आणि स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले. आज कुठल्याही नैतिक समितीने याला परवानगी दिली नसती. हाच हिपॅटायटीस ई.

दिल्लीची गोष्ट जुनी झाली म्हणावं, तर २०१२ मध्ये इचलकरंजीत ई विषाणूची मोठी साथ आली. कारण तेच, पिण्याच्या पाण्यात मिसळलेलं सांडपाणी. बहुतेकांना हा आजार आठवड्याभराचा ताप, मळमळ आणि मग कावीळ देऊन जातो. गर्भवती स्त्रीचं मात्र वेगळं आहे. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर काही साथींमध्ये पाचातली एक दगावलेली आहे. म्हणून गरोदरपणातली कावीळ घरी थांबून बघण्याची गोष्ट नव्हे. कुणाही काविळीच्या रुग्णाला असंबद्ध बोलणं, दिवसा झोप, न थांबणाऱ्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणं सुरू झालं, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. पाण्याबद्दल शहाणपण एकच आहे. पाणी खळखळून उकळलं की विषाणू मरतो. साथीच्या दिवसांत ‘फिल्टरचं आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

बी आणि सी रक्तातून पसरतात आणि त्यांचं वागणं उलट असतं. सुरुवातीला कावीळ होईलच असं नाही, पण ते वर्षानुवर्षं घर करून राहू शकतात. बी आईकडून बाळाला गेला तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो, मोठेपणी झाला तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली लस द्यायची असते. मोठ्यांना घ्यायची राहिली असेल तर आजही घेता येते. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सीवर लस नाही, पण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. ज्यांना जुन्या काळी रक्त चढवलं गेलं होतं, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

आता त्या रिपोर्टकडे येऊ जो हल्ली प्रत्येक घरात असतो. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’, रक्तात एसजीपीटी जरा वाढलेला. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एक विकर आहे. पेशीला इजा झाली की ते रक्तात गळतं. यकृत किती काम करतंय हे त्यावरून समजत नाही, किती पेशी आत्ता दुखावल्यात एवढंच समजतं. हिपॅटायटीस एमध्ये हा आकडा हजारांत जाऊनही माणूस महिन्यात ठणठणीत होतो. उलट सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, तो चाळिशीच्या आत, अगदी साजरा दिसू शकतो, कारण गळायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. कामाचा अंदाज अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी यांवरून येतो. प्लेटलेट हळूहळू घटत असतील तर तीही खूण असते. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून फिब-४ नावाचा गुणांक निघतो. तो १.३ पेक्षा कमी असेल तर यकृतात फार व्रण साचलेले असण्याची शक्यता कमी. हातातल्या साध्याच रिपोर्टमधून हे मिळतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

सोनोग्राफीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, पण सोनोग्राफीला ती नीट दिसते वीस-तीस टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे ग्रेड वन म्हणजे ‘काही नाही’ असं नसतं आणि ‘संपलं’ असंही नसतं. बहुतेकांचं यकृत चरबीपाशीच थांबतं. काहींच्यात सूज येते, सुजेतून व्रण, व्रणांतून सिऱ्होसिस. आणि फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूंत सगळ्यात मोठा वाटा हृदयविकाराचा असतो, म्हणून रिपोर्ट यकृताचा असला तरी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला हवं.

‘मी जाड नाही, मला कसं?’ हा प्रश्न ठरलेला. याचंही उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याच्या परिसरातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांवरच्या त्यांच्या कामात हेच दिसलं. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरंच कमी. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. हडकुळा दिसणारा माणूस आतून चरबीचा असू शकतो. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा टेप उपयोगाची. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की विचार करावा.

ही चरबी ताटातल्या तुपाने साचते असं वाटतं. प्रत्यक्षात मोठा हिस्सा शरीरातल्याच साठ्यातून वाहत येतो, त्यानंतरचा साखर-पिठापासून यकृत स्वतः बनवतं, आणि थेट खाल्लेल्या तेलातुपाचा वाटा या तिन्हींत लहान. फ्रुक्टोज, म्हणजे साखरेतला अर्धा भाग, बहुतांशी यकृतातच वापरला जातो. म्हणून शीतपेयं, डब्यातले रस, दिवसाचे चार गोड चहा आणि मारी बिस्किटं यांचा हिशेब आधी करावा. तूप कमी करून दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर यकृताला त्यातून फारसं काही मिळत नाही. वजन पाच टक्के उतरलं तरी चरबी घटते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूज आणि व्रणही कमी होऊ शकतात. ऐंशी किलोच्या माणसाला हे चार ते आठ किलो. रोज अर्धा तास भरभर चालल्याने, वजन न उतरताही यकृतातली चरबी कमी होते. नियमित कॉफी पिणाऱ्यांत सिऱ्होसिस कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. बिनसाखरेची प्यावी, एवढंच.

दारूचं गणित मी मुद्दाम आकड्यात मांडतो, कारण ‘लिमिटमध्ये’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे रात्री संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत चालू असते, आणि तेवढा वेळ यकृत चरबी जाळण्याचं काम बाजूला ठेवतं. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: ६५० मिलीच्या आठ टक्क्यांच्या बाटलीत ४१ ग्रॅम. बाटली महाग आहे की देशी, याने यकृताला फरक पडत नाही. ज्याला फॅटी लिव्हर आहे त्याच्या बाबतीत दोन्ही इजा एकमेकींना वाढवतात. सिऱ्होसिस झालेल्याला तर प्रमाणच उरत नाही, पूर्ण बंद.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हाही एक समज. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पती दुसरीच असू शकेल असं म्हटलं. पुढे देशभरातून आणखी रुग्णांची नोंद आली. माझ्या मते वादापेक्षा त्यातली एक गोष्ट महत्त्वाची. अनेकांना आधीपासून प्रतिकारशक्तीचे किंवा थायरॉइडसारखे विकार होते, आणि काढा चालू असल्याचं माणसं डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण ते ‘औषध’ वाटत नाही. ॲलोपॅथीही काही निर्दोष नाही. टीबीची नेहमीची औषधं यकृताला बाधू शकतात, म्हणून ती घेताना भूक गेली, मळमळ वाढली तर लगेच सांगायचं असतं. पॅरासिटॅमॉल दिवसाला चार ग्रॅमच्या आत ठीक, पण सर्दीच्या गोळीतही ते असतं, अंगदुखीच्या गोळीतही, आणि बेरीज कुणी करत नाही.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांनाही याच यादीत धरा. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसाने भिजून बुरशी धरलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली, शंभराहून अधिक दगावले. कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. ते भाजून पुरतं जात नाही. काळपट, कडवट दाणा कुटात ‘खपवू’ नये.

आणि तरीही यकृत वाढतं. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला. काही दिवसांतच उरलेल्या भागाने मूळ वजन जवळपास गाठलं. जिवंत दात्याचं प्रत्यारोपण याच गुणावर चालतं. बाप मुलाला अर्ध्याहून अधिक यकृत देतो आणि काही महिन्यांत दोघांचंही बहुतांशी भरून येतं. भारतात जिवंत दात्याकडून होणारी प्रत्यारोपणं जास्त आहेत, हे लक्षात घेतलं तर मरणोत्तर दान आपल्याकडे किती कमी होतं तेही कळतं.

हा गुण व्रणांपुढे हळूहळू हरतो. वर्षानुवर्षं इजा चालू राहिली की पेशींच्या जागी तंतू साचतात, यकृत गाठाळ आणि कडक होतं, रक्ताला आत शिरायला जागा राहत नाही. मग पोटात पाणी होतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते, अमोनिया मेंदूवर चढतो. इथपर्यंत आलेल्या रुग्णाला आपल्याकडे प्रेमाने उपाशी ठेवतात. भाताची पेज, मीठ नाही, डाळ नाही, अंडं नाही. मीठ कमी करणं बरोबर आहे. डाळीबद्दल चूक. सिऱ्होसिसच्या रुग्णाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, निरोगी माणसापेक्षा जास्त. त्याच्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा फारसा नसतो, त्यामुळे रात्रीच्या लांब उपासात शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर करतं. म्हणून यकृततज्ज्ञ अशा रुग्णाला एकादशी, चतुर्थी सोडायला सांगतात, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला सांगतात, आणि झोपण्याआधी एक छोटं खाणं ठरवून देतात. मग ते दुधाबरोबर दोन पोळ्या असोत, मऊ खिचडी असो किंवा मूठभर फुटाणे असोत.